विश्वस्त म्हणजे मालक नव्हे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर कायद्याचे काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण आपल्या इंदूरच्या मराठी घरांत चार पिढ्यांत जे साठले, ते आता हातातून हातात जाण्याची वेळ आली आहे. जुने वाडे, वाड्यातली देवघरे, गावाकडचा एखादा प्लॉट. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात. 'हे आपल्यामागे कोण सांभाळणार?' हा प्रश्न घरोघरी आहे. म्हणून आज आम्ही 'ट्रस्ट' या शब्दाविषयी बोलणार आहोत.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. आमच्या आजोबांच्या वाड्यात रस्त्याकडची एक खोली होती. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांना ती फुकट मिळे. आजोबा नेहमी म्हणत, 'ही खोली माझी नाही, पोरांची आहे.' सगळ्या घराने ते ऐकले होते. आजोबा गेले, वाटण्या झाल्या, पुढे वाडा विकला गेला. त्या व्यवहारात खोलीचा वेगळा उल्लेखही नव्हता. खोटे कुणी वागले नाही. विकत घेणाऱ्याने कागद पाहिले, आणि कागदावर ती खोली इतर खोल्यांसारखीच होती. आमच्या घरात तेव्हा दोन वकील होते. आजोबांसमोर कागद ठेवून सही घ्यायचे आम्हां दोघांपैकी एकालाही सुचले नाही. हे बोलणे त्या चुकीतून आले आहे.

न्यास म्हणजे ठेवणे, ठेव. शेजारीण माहेरी जाताना दागिन्यांचा डबा आपल्याकडे ठेवते. डबा आपल्या कपाटात असतो, किल्ली आपल्याकडे असते, पण दागिने आपले नसतात. कायद्यातला ट्रस्ट याहून एक पाऊल पुढे जातो. इथे मालमत्ता कागदोपत्री विश्वस्ताच्या नावावर होते, पण तिचा उपभोग दुसऱ्याचा असतो. देणारा, सांभाळणारा आणि लाभार्थी अशी तीन टोके. बक्षीसपत्रात घेणारा मालक होतो आणि हवे ते करतो. विश्वस्तपत्रात घेणाऱ्यावर जबाबदारी येते.

१८८२ चा भारतीय न्यास कायदा हा खाजगी ट्रस्टांसाठी आहे. त्यानुसार घर-जमिनीचा ट्रस्ट तोंडी होत नाही. लेखी, सही केलेला, रजिस्टर केलेला कागद लागतो, नाहीतर मृत्युपत्र. त्यात देण्याचा हेतू, उद्देश, लाभार्थी आणि मालमत्ता या गोष्टी स्पष्ट हव्यात. विश्वस्तावर बंधनेही कडक आहेत. स्वतःची मालमत्ता शहाणा माणूस जपतो तशी ही जपायची, हिशेब ठेवायचा, स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही. कागदात तरतूद नसेल तर मोबदला मागता येत नाही. आणि एकदा पद स्वीकारले की मनाला येईल तेव्हा झटकून टाकता येत नाही.

देवळे, घाट, धर्मशाळा यांसारख्या सार्वजनिक न्यासांना हा कायदा थेट लागू नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे मध्यप्रदेश लोक न्यास अधिनियम, १९५१ आहे. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक न्यासांचा कायदा आणि धर्मादाय आयुक्त, तर इथे पंजीयक. पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळे. कागद नसला तरी जुने देवस्थान सार्वजनिक असल्याचे सिद्ध करता येते, पण त्यात कोर्टात वर्षे जातात.

आता आपल्या शहराचेच उदाहरण. अहिल्यादेवींनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य केले आणि काशीपासून देशभर देवळे, घाट, धर्मशाळा उभ्या केल्या. या दानधर्माला आधार होता खासगीचा, म्हणजे राज्याच्या तिजोरीपासून वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नाचा. राजाचे काय आणि धर्मकार्याचे काय, हा भेद होळकरांच्या दप्तरात ट्रस्ट हा शब्द येण्याच्या आधीपासून होता.

१९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले. खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्याबदल्यात या धर्मकार्यांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे ठरले. २७ जून १९६२ रोजी ट्रस्ट डीड होऊन 'खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट' उभा राहिला. १९७२ मध्ये पुरवणी कागद करून मालमत्ता विकण्याचा अधिकार विश्वस्तांना देण्यात आला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरील मालमत्तेसारख्या विक्रींवरून वाद पेटला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले.

२१ जुलै २०२२ चा तो निकाल प्रत्येक विश्वस्ताने लक्षात ठेवावा. न्यायालयाने म्हटले की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याला १९५१ चा कायदा लागू आहे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. त्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पंजीयकाच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, गहाण, अदलाबदल, बक्षीस काहीही वैध नाही. शेतजमिनीचा सात वर्षांहून आणि इतर मालमत्तेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टाही नाही. आजवरच्या विक्री तपासून न्यासाचे नुकसान झाले असेल तर संबंधित विश्वस्तांची देणी ठरवावीत, असे पंजीयकाला सांगितले. मात्र उच्च न्यायालयाने दिलेला आर्थिक गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश रद्द केला. कोण बरोबर, कोण चूक हे आम्ही सांगत नाही. आपण घ्यायचा धडा एवढाच की डीडमध्ये विकण्याचा अधिकार लिहिला म्हणून कायद्याची परवानगी टळत नाही.

मग आपण काय करायचे? ज्यांच्या मनात एखादी खोली, जागा किंवा रक्कम कुणासाठी ठेवायची आहे, त्यांनी हातपाय चालते आहेत तोवर कागद करावा. त्यात मालमत्तेचे पूर्ण वर्णन आणि चतुःसीमा लिहाव्यात. उद्देश मोघम नको. 'समाजकार्यासाठी' असे लिहिले की भांडणाला जागा होते. 'बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी' असे लिहा. पहिल्या विश्वस्तांनंतर कोण, हे लिहा. बहुतेक न्यास याच ठिकाणी अडकतात. मुलाला विश्वस्त नेमायचे तर त्याला आधी विचारा. हिशेब कोण तपासणार, हेही लिहा. मग स्टँप भरून रजिस्ट्री करा आणि न्यास सार्वजनिक असेल तर पंजीयकाकडे नोंद करा. आपला वकील विचारूनच, पण उद्यावर न टाकता.

आणि ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी या सुट्टीत पेटी उघडावी. मोडीतले असतील तर वाचणारे शोधावेत. आमच्या मंडळानेही आपल्या जागेचे कागद एकदा सर्वांसमोर वाचावेत, अशी आमची विनंती आहे.

आजोबांनी ती खोली पोरांची म्हटली, ते खरेच होते. ते कागदावर यायला एक दुपार पुरली असती. तुमच्या घरातली ती दुपार अजून हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!