सामना आणि दोन ताटे

टीव्हीवर मोठा सामना असला की घरात दोघांचे जेवण कसे होते, ते जरा आठवून पाहा. त्याची नजर पडद्यावर, तिची तव्यावर. ओरडा झाला, की ती लाटणे घेऊन दारापर्यंत येते, "काय झालं हो?" विचारते आणि पुन्हा पोळीकडे वळते.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळे तो तीनऐवजी पाच वाजता सुरू झाला. ऐन जेवणाची वेळ त्यात सापडली. भारताने २९८ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांत आटोपला. दीप्ती शर्माने ५८ धावा काढल्या, वर ५ गडी टिपले. बायकांचा हा पराक्रम घरच्या बाईने भिंतीआडून ऐकायचा, हे बरे दिसते का?

उपाय साधा आहे. खेळाआधीच दोघांनी मिळून खिचडी टाकावी, ताक घुसळून ठेवावे. मग दोन ताटे वाढून शेजारी बसावे. फारसे बोलणे झाले नाही तरी चालेल. एकाच चेंडूला दोघांचाही घास हातात थांबला, की सामना दोघांनी पाहिला म्हणायचे.