सरकी : गाईला चालते, गोऱ्ह्याला जपून



अमरावती-अकोल्याचा शेतकरी कापूस विकतो तेव्हा वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग सरकीचा असतो. तीच सरकी तेल काढून, ढेप होऊन आपल्याच गोठ्यात विकत येते. भावाचा हिशेब आपण दर सभेत करतो. आज सरकीच्या पोटातला हिशेब करू.

सरकी मधोमध कापून पाहा. मगजात काळे ठिपके दिसतील. त्यात गॉसिपॉल नावाचे विष असते. चीनमध्ये १९५० च्या दशकात कच्चे सरकीतेल खाणाऱ्या काही खेड्यांत पाळणाच हलेनासा झाला. कारण कळल्यावर १९७० च्या दशकात तिथे हजारो पुरुषांना गॉसिपॉलची गोळी संततिनियमनासाठी देऊन पाहिली. शुक्रजंतू थंडावले. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घटले, काहींना गोळी सोडल्यावरही मूल होईना. गोळी बारगळली. आपल्या घरातल्या रिफाइंड सरकीतेलाला भिऊ नका, शुद्ध करताना हे विष निघून जाते. काळपट कच्चे तेल मात्र फोडणीत नको, कितीही स्वस्त मिळो.

आता गोठ्यात चला. मोठ्या गाईम्हशीच्या पहिल्या पोटात हे विष बरेचसे बांधले जाते. म्हणून दुभत्या जनावराला बेताची सरकी मानवते, दुधाला फॅटही लागते. फॅटच्या लोभाने घमेलेभर घातली तर तेल जास्त होते आणि कुटार पचत नाही.

वासराचे तसे नाही. पहिले काही महिने त्याचे ते पोट तयारच नसते. विष काळजावर जाते, दम लागतो, वासरू दगावते आणि आम्ही नजर लागली म्हणतो! वळूसाठी राखलेल्या गोऱ्ह्याला भरपूर सरकी चारली की तो दिसतो तुकतुकीत, पण शुक्रजंतूंच्या शेपटीत दोष येतो, ते पोहत नाहीत. गाय उलटते. दर खेपेला एकवीस दिवस गेले, चारा गेला. दोष मात्र गाईला! गावात एकच वळू असला तर नुकसान सगळ्या गावाचे.

अशा गोऱ्ह्याला तुरीची चुनी, सोयाबीनची ढेप द्या. सरकी बंद केल्यावर नवे शुक्रजंतू तयार व्हायला दोनेक महिने लागतात, तोवर त्याला बाजार दाखवू नका. आणि ढेप घेताना दुकानदाराला विचारा, सरकी शिजवून पिळली की कच्चीच? उष्णतेने बरेच विष बांधले जाते, कच्च्या ढेपेत ते मोकळे राहते.