मिनीमॅप नसलेला समुद्र

(हे या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज गेमबद्दल बोलायचंय, आणि त्या निमित्ताने बराच वेळ समुद्राबद्दल.

नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे की आम्ही चौघं मित्र नोकऱ्या सांभाळून एक छोटासा ऑनलाइन फँटसी गेम चालवतो. तलवारी, जादू, ड्रॅगन, सगळा नेहमीचा मसाला. आता त्याचं पहिलं मोठं एक्सपान्शन करायचंय आणि बहुमताने ठरलं की बेटं करू, पॉलिनेशियासारखी. पहिल्याच मीटिंगमध्ये यादी तयार झाली. ज्वालामुखी, लाकडी मुखवटे, गवताचे घागरे, रागावलेली देवी. आणि आपला हिरो जहाजातून उतरतो, बेटावरच्या लोकांना वाचवतो, बक्षीस घेऊन परत जातो.

हे आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या गेममध्ये खेळलंय. माझी तक्रार 'जुनं आहे' एवढीच नव्हती. त्या अख्ख्या यादीत समुद्रच नव्हता! समुद्र म्हणजे काय, तर दोन बेटांमधली लोडिंग स्क्रीन.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर हवाई, खाली उजवीकडे रापा नुई म्हणजे ईस्टर आयलंड, खाली डावीकडे आओतेआरोआ, म्हणजे न्यूझीलंड. हा पॉलिनेशियन त्रिकोण. एकेक बाजू साधारण सात हजार किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी दोनदा जाऊनही उरेल एवढी. एपेली हाउओफा नावाचे टोंगन वंशाचे लेखक होते. त्यांनी 1993 साली एक निबंध लिहिला, 'अवर सी ऑफ आयलंड्स'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाहेरच्या लोकांना तिथे अथांग पाण्यात हरवलेले जमिनीचे ठिपके दिसतात, पण तिथल्या लोकांसाठी ते पाणीसुद्धा घरच होतं. हे वाचल्यावर मी मीटिंगमध्ये म्हटलं, आपण बेटांचं एक्सपान्शन करायचंच नाही. समुद्राचं करायचं. बेटं त्यात येतील.

मग साहजिक प्रश्न आला, समुद्रात खेळाडू करणार काय? उत्तर एकच: वाट शोधणार. होकायंत्र नाही, कागदी नकाशा नाही, आणि अर्थातच मिनीमॅप नाही.

यामागे एक खरी गोष्ट आहे. युरोपियन अभ्यासकांना बराच काळ पटतच नव्हतं की हे लोक ठरवून एवढं लांब गेले असतील. अँड्र्यू शार्प नावाच्या इतिहासकाराने 1956 साली मांडलं, की लांबची बेटं बहुतेक भरकटलेल्या होड्यांमुळे, योगायोगानेच वसली. त्याआधी 1947 मध्ये थॉर हेयरडालने पेरूहून कॉन-टिकी नावाचा तराफा वाऱ्यावर सोडून दाखवला होता, हे लोक दक्षिण अमेरिकेतून वाहत आले असावेत म्हणून. मग हवाईमध्ये काही लोकांनी जुन्या पद्धतीची, दोन होड्या शेजारी-शेजारी बांधलेली 62 फुटी नाव बनवली. तिचं नाव होकुलेआ. 1976 साली ती हवाईहून ताहितीला गेली. साधारण चार हजार किलोमीटर, महिनाभर, एकही उपकरण न वापरता.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाही खरं तर, वाईटच. वाट दाखवायला हवाईत ही विद्या येणारा कोणी उरलाच नव्हता. सातावाल नावाच्या एका छोट्या बेटावरून माऊ पिआइलुग यांना बोलवावं लागलं. सातावाल पॉलिनेशियात नाही, मायक्रोनेशियात आहे. आपल्या इथली ही विद्या घराण्यातच ठेवायची पद्धत. पण तरुण मुलांना त्यात रस राहिला नव्हता, आणि आपल्याबरोबर हे सगळं जाईल अशी त्यांना भीती होती. म्हणून त्यांनी परक्यांना शिकवलं. नायनोआ थॉम्प्सन त्यांच्याकडे शिकले आणि 1980 साली त्यांनी तीच नाव ताहितीला नेऊन परत आणली.

आता ही वाट शोधतात कशी? पहिलं, तारे. क्षितिजाचे 32 भाग करायचे, थॉम्प्सन त्यांना घरं म्हणतात. कुठला तारा कुठल्या घरातून उगवतो आणि कुठल्या घरात मावळतो, हे पाठ. एक तारा वर चढला की त्याचा उपयोग संपला, त्याच घरातून उगवणारा पुढचा धरायचा. शिवाय डोक्यावरून जाणारा तारा. होकुलेआ हे एका ताऱ्याचंच नाव आहे, आनंदाचा तारा. तो तारा म्हणजे आपली स्वाती. स्वाती हवाईच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते. म्हणजे स्वाती माथ्यावर आली की हवाईच्या अक्षांशावर पोहोचलो. आणि मुंबईचा अक्षांशही साधारण 19, त्यामुळे मुंबईच्या गच्चीवरूनही स्वाती माथ्यावरून जाताना दिसते. (दिव्यांच्या झगमगाटात दिसली तर!) ताहितीसाठी असाच जवळचा तारा म्हणजे व्याध. हे कळल्यावर मी आमच्या गेमच्या आकाशात सजावटीसाठी टाकलेले तारे काढायला लावले. आता प्रत्येक तारा कुठल्या तरी बेटाचा आहे.

दुसरं, लाटा. दूरच्या वादळांमधून निघालेल्या लांब, संथ लाटा कित्येक दिवस एकाच दिशेने येत राहतात. ढगाळ रात्री होडीच्या डुलण्यावरून दिशा ओळखायची, डोळ्यांनी नाही, अंगाने. गेममध्ये हे कॅमेऱ्याच्या हेलकाव्यातून आणि आवाजातून आणावं लागतं. आमच्यातला ध्वनीवाला मित्र दोन महिने एवढंच करतोय.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. एका ठिपक्याला नेम धरायचाच नाही. बेटं पाण्यात जेवढी असतात त्यापेक्षा खूप मोठी 'दिसतात'. त्यांच्यावर ढग अडून बसतो. सुरय जातीचे पांढरे पक्षी सकाळी मासे पकडायला बाहेर जातात आणि संध्याकाळी बेटावर परततात. काही जाती किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटरपर्यंत जातात. म्हणजे बेटाभोवती तेवढं मोठं वर्तुळ झालं. अशी चार-पाच वर्तुळं एकमेकांना भिडली की समुद्रात अख्खी भिंत तयार होते. त्या भिंतीला कुठेही धडका, मग पक्ष्यांच्या मागे जा.

आता जरा आमच्या धंद्यातलं. कोड लिहिणारे ऐकत असतील त्यांच्यासाठी. समुद्र मोठा करायचा म्हटलं की पहिली अडचण येते 32-बिट फ्लोटची. जगाच्या मध्यबिंदूपासून हजार किलोमीटरवर गेलात तर आकड्यांची बारकाई साधारण सहा सेंटिमीटरवर येते. म्हणजे होडी थरथरायला लागते, हात वल्ह्यातून आरपार जातात. उपाय जुनाच आहे, फ्लोटिंग ओरिजिन. खेळाडूला कायम शून्यापाशी ठेवायचं आणि जग त्याच्याभोवती सरकवायचं.

हे मी लिहीत होतो आणि त्याच आठवड्यात एटाक वाचण्यात आलं. माऊंच्या भागातले, म्हणजे कॅरोलाइन बेटांवरचे वाटाडे प्रवास मोजतात तो असा: आपली होडी जागेवरच आहे. तारे वर स्थिर आहेत. सरकतात ती बेटं. निघालेलं बेट मागे जातं, पोहोचायचं बेट पुढून येतं. आणि बाजूला, क्षितिजापलीकडचं न दिसणारं एक तिसरं बेट मनात धरायचं. ते एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली सरकलं की प्रवासाचा एक टप्पा झाला. मी खुर्चीतून उठलो हो! हे फ्लोटिंग ओरिजिनच आहे. आम्ही ते फ्लोटच्या मर्यादेमुळे करतो, त्यांनी ते डोक्यात सगळा हिशेब मावावा म्हणून केलं असावं, असं मला वाटतं. त्यामुळे आमच्या गेममध्ये वाटाड्याच्या भूमिकेतल्या खेळाडूला वेगळा कॅमेरा आहे. होडी मध्यभागी स्थिर, आणि धूसर बेटं हळूहळू मागे सरकतायत. पण ती बेटं गेम दाखवत नाही. त्याने स्वतः अंदाजाने मांडायची आणि स्वतःच सरकवायची. अंदाज चुकला तर चित्र चुकलं.

यावर मित्राचा आक्षेप रास्त होता: पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विकीवर सगळ्या ताऱ्यांची यादी टाकेल, मग काय उरलं? मी म्हटलं, टाकू दे. यादी पाठ असणं वेगळं आणि ढगांच्या फटीतून दोन मिनिटं दिसलेला तारा कुठला, हे ओळखणं वेगळं.

दुसरा आक्षेप जास्त जड होता, आणि तो अजून मिटलेला नाही. चाळीस मिनिटांचा प्रवास कोण करेल? कामावरून थकून आलेला माणूस रात्री अकराला पाणी बघत बसेल का? आमच्याकडे खेळाडू मोजके, त्यातले निम्मे सोडून गेले तर सर्व्हरचं भाडं आमच्या खिशातून. मी तडजोड मान्य केली ती एवढीच: होडीत एकटं जाताच येणार नाही, चौघं लागतील. एक वाटाडा, एक शिडावर, एक पाणी उपसायला, एक मासे पकडायला. गप्पा मारत जा. लांबच्या प्रवासात लोक हेच तर करत असणार.

आता नावांचा प्रश्न. 2001 साली लेगोने बायोनिकल काढलं, त्यात माओरी शब्द सर्रास वापरले होते. माओरी गटांनी हरकत घेतली. 'तोहुंगा' हा शब्द त्यांच्याकडे विद्येतल्या, विधींमधल्या जाणत्या माणसासाठी आहे, इथे खेळण्यातल्या गावकऱ्यांना दिलेला. लेगोने तो बदलला. म्हणून आमचा नियम: शब्द उचलायचे नाहीत, देव उचलायचे नाहीत. गोंदणंही दुकानात विकायची नाहीत. माओरी मोकोमध्ये माणसाचं कूळ आणि ओळख असते. 2016 मध्ये डिस्नेने माउईचा गोंदणवाला पोशाख मुलांसाठी विकायला काढला आणि टीकेनंतर मागे घेतला, ते आठवत असेल.

पण एक शब्द आम्ही, म्हणजे सगळ्याच फँटसी गेमनी, आधीच उचललाय. माना! ती निळी पट्टी. हा शब्द पॅसिफिकमधल्या भाषांतला. कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याच्या 1891 च्या पुस्तकामुळे तो इंग्रजी वाचकांत पसरला, पुढे लॅरी निव्हनने 1969 च्या एका कथेत त्याचं संपत जाणारं इंधन केलं, आणि तिथून तो गेममध्ये मुरला. मूळ अर्थ इंधनाचा नाहीच. माणसाचा, जागेचा, वस्तूचा प्रभाव; थोडा वंशाने मिळतो, थोडा कृतीने वाढतो, आणि वागणं बिघडलं की जातो. मराठीतल्या 'मान'शी त्याचं नातं नाही, पण मानकरी, मानाचा गणपती म्हणताना आपण जे म्हणतो ते निळ्या पट्टीपेक्षा मूळ अर्थाच्या कितीतरी जवळ आहे. म्हणून या बेटांवर आल्यावर पट्टी गायब होते. तुमच्या मंत्राची ताकद तुमच्या होडीतले लोक तुम्हाला किती मानतात यावर. कोणाला वादळात सोडून आलात तर पुढचे काही दिवस साधी शेकोटीही पेटणार नाही.

याला जोडूनच राहुई. एखाद्या खाडीवर, एखाद्या जातीच्या माशांवर काही काळ बंदी घालायची, साठा भरून येईपर्यंत. आपल्याकडची पावसाळ्यातली मासेमारी बंदी डोळ्यांसमोर आणा, फक्त ती तिथल्या तिथे, समाजाने घातलेली. आमच्या गेममध्ये बॉट ही जुनी डोकेदुखी. रात्रभर एकाच जागी मासे गोळा करत बसतात. आता मासे ठरावीक वेळाने आपोआप उगवत नाहीत. बेटावरचे खेळाडूच बंदी लावतात आणि उठवतात. बंदी मोडणाऱ्याचा माना जातो. बॉटला कोण मानणार?

आणि हिरोचं काय? तो जहाजातून उतरत नाही. सुरुवातीला बेटांवरचे लोकच आपल्या जुन्या बंदरात येतात. कुकच्या जहाजावर 1769 साली तुपाइआ नावाचा रायातेआचा विद्वान वाटाड्या चढला होता. त्याने सत्तरहून जास्त बेटांचा नकाशा काढून दिला आणि न्यूझीलंडला पोहोचल्यावर माओरींशी त्याला बोलताही आलं. शोध कोण कोणाला लावत होतं, सांगा बरं. आमच्या गेममध्ये तुम्हाला होडी मिळत नाही. कोणीतरी तुम्हाला होडीत घ्यावं लागतं, आणि पहिलं काम मिळतं पाणी उपसायचं.

गेल्या महिन्यात चार खेळाडूंना चाचणीला बसवलं. पहिल्या रात्री ढग, दुसऱ्या दिवशी भांडण, वाटाडा बदलला, बेट काही दिसेना. एकजण वैतागून लॉगआउट करायला निघाला होता. तेवढ्यात पाणी उपसणारी मुलगी म्हणाली, हे पांढरे पक्षी मघापासून सगळे एकाच बाजूला चाललेत, आणि आत्ता संध्याकाळ आहे ना? मग व्हॉइस चॅटवर जो आरडाओरडा झाला तो मी जपून ठेवलाय.

उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, या पक्ष्याचं नाव काय? आमच्या फाइलमध्ये तो अजून 'पक्षी 03' आहे. सुचवा काहीतरी. फक्त कुठल्या खऱ्या भाषेतला शब्द उचलू नका. भेटू पुढच्या भागात.