दादाचं हंटर विमान

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या आवारात झालेल्या, रहिवाशांच्या छंदांविषयीच्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला बजावलंय, "काका, विमानाबद्दल बोला, पण दहा मिनिटांत विमान खाली उतरवा." तेव्हा लगेच उड्डाण करतो.

हे बघा, माझ्या हातात आहे ते विमान. लांबी साधारण साडेएकोणीस सेंटीमीटर, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वाचौदा. प्लास्टिकचं आहे. पण दुकानातून आणून थेट खेळायचं हे खेळणं नव्हे. खोक्यात सुटे भाग येतात. पेरूच्या फांदीला पेरू लटकावेत तसे ते एका प्लास्टिकच्या सांगाड्याला चिकटलेले असतात. एकेक भाग कापायचा, घासायचा, नकाशा बघून चिकटवायचा, रंगवायचा. याचं माप एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस इथे एक इंचाचा. आपली छत्तीस फूट उंचीची इमारत या मापात अर्ध्या फुटाची होईल, आणि आपले अध्यक्ष इंचभर उरतील. (हशा)

हा संच इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीचा. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली लंडनमध्ये ती सुरू केली. आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे, असं करत करत १९५२ मध्ये 'गोल्डन हिंड' या जुन्या जहाजाचा संच पिशवीत घालून दोन शिलिंगला विकायला काढला. पुढे पहिलं विमान आलं, स्पिटफायर. मग जगभरच्या पोरांना वेड लागलं.

ते वेड करमाळ्यात आमच्या घरी आलं १९७३ साली. आमचे एक मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी थोरल्या भावासाठी, म्हणजे दादासाठी, हे खोकं आणलं. दादा तेव्हा दहावीत, मी नऊ वर्षांचा. खोक्यावर हंटर विमानाचं चित्र होतं, आणि हंटर म्हटल्यावर दादा रात्रभर झोपला नाही.

त्याचं कारण मुलांना सांगायला हवं. हॉकर हंटर हे इंग्रजी बनावटीचं जेट. भारताने १९५७ मध्ये त्याची मागणी नोंदवली आणि पुढे जवळजवळ चार दशकं ते आपल्या हवाई दलात राहिलं. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटरांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र उडवलं. आणि १९७१ मध्ये राजस्थानात लोंगेवालाच्या चौकीवर रात्री रणगाडे चालून आले. हंटरला रात्री लढता येत नसे, म्हणून आपल्या जवानांना उजाडेपर्यंत चौकी धरून ठेवावी लागली. ५ डिसेंबरला फटफटलं आणि जैसलमेरहून हंटर आले. उघड्या वाळूत त्यांनी ते रणगाडे टिपले. आमच्याकडे या बातम्या रेडिओवर आल्या. दादा रेडिओला कान लावून बसलेला मला अजून दिसतो.

त्याला वैमानिक व्हायचं होतं. पण चष्मा लागला आणि ते राहिलं. पुढे तो पुण्यात एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, तिथूनच निवृत्त झाला. सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या हातचं एकच विमान राहिलं, ते हे.

त्याने ते कसं केलं होतं? खरं सांगायचं तर बेताचंच. चार चुका होत्या. पहिली, नाकात वजन घालायचं राहिलं. या विमानाला पुढे एक चाक आणि मागे दोन. नाक हलकं राहिलं की विमान शेपटीवर बसतं. दादा शेपटीखाली काड्यापेटी ठेवायचा. दुसरी, धडाच्या दोन भागांमध्ये फट राहिली. तिसरी, खोक्यातली इंग्रजांची गोल चिन्हं त्याला नको होती, म्हणून त्याने आपल्या हवाई दलाची चिन्हं हाताने रंगवली. बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. डाव्या पंखावरचं चिन्ह गोल व्हायच्या ऐवजी अंडाकृती झालं. आणि चौथी, डाव्या पंखाखाली गोंद सांडला. हा गोंद साधा नसतो. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. सांडलेला गोंद दादाने अंगठ्याने पुसायला घेतला आणि मऊ झालेल्या प्लास्टिकवर त्याच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. तेव्हा आई म्हणाली होती, "सही केलीस बाबा."

आता अपघाताची गोष्ट. गेल्या दिवाळीत माळ्यावरची साफसफाई करताना खोकं माझ्याच हातून निसटलं. धड उकललं, उजवा पंख मुळातून निघाला, पुढचं चाक मोडलं आणि डाव्या पंखाच्या टोकाची हवेचा वेग मोजायची बारीक नळी गेली ती गेलीच. केराच्या सुपात शोधली, सापडली नाही. मी तिथेच मटकन बसलो.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचा आपला सातवीतला दोस्त खाली आला. त्याने सगळं नीट पाहिलं आणि सरळ विचारलं, "आजोबा, नवीनच का नाही मागवत? मोबाईलवर मिळतं." प्रश्न बरोबर होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, "आधी हे तर जोडून बघू."

मग रोज संध्याकाळी दोघं बसू लागलो. हळूहळू इमारतीतली आणखी तीन मुलं आली. काय काय केलं ते सांगतो, कुणाला घरात असं काही दुरुस्त करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिला नियम: रंगवाल्याकडचा थिनर प्लास्टिकला लावायचा नाही. आम्ही आधी सांगाड्याच्या तुकड्यावर थेंब टाकून पाहिला, तुकड्याचा चिकट गोळा झाला. जे काही लावायचं ते आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघायचं.

दुसरं, धड अर्धवट उकललं होतं, ते पूर्ण उघडायला हवं होतं. जोर लावला तर भलतीकडेच तडा जातो. जुना सांधा थंडीने ठिसूळ होतो, म्हणून विमान पिशवीत बांधून तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सौभाग्यवतींना मटारच्या पिशवीशेजारी लढाऊ विमान सापडलं. त्यावर काय बोलणं झालं ते इथे सांगत नाही. (हशा) पण सांधा अलगद सुटला.

तिसरं, वजन. उजनीच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या चार गोळ्या आणल्या आणि नाकात पक्क्या बसवल्या. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हे मुलांना रोज सांगत होतो. धड बंद केलं, रबरबँड लावून रात्रभर ठेवलं. सकाळी विमान टेबलावर ठेवलं आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते तीन चाकांवर उभं राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी काड्यापेटी उचलून देवघरात नेऊन ठेवली.

चौथं, फट आणि हरवलेली नळी. दादाने खोक्यात रिकामा सांगाडा जपून ठेवला होता. फिटर माणूस, काही टाकत नसे. त्या सांगाड्याचे बारीक तुकडे पातळ गोंदात विरघळवून आम्ही लांबी केली आणि फट भरली. बाहेरची लांबी वेगळी आखडते, पुढे तडे जाऊ शकतात. ही तर त्याच प्लास्टिकची. नळीसाठी सांगाड्याची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, मऊ झाल्यावर दोन्हीकडून हळू ओढली. तिची तार निघाली, केसाइतकी बारीकसुद्धा निघते. हवी तेवढी कापून पंखाच्या टोकाला लावली. मेणबत्तीजवळ मोठ्या माणसाने बसायचं, हेही सांगून ठेवतो. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला मात्र झटपट चिकटणारा गोंद लावायचा नाही, त्याच्या वाफेने झाकण धुरकट होतं. तिथे मुलांचा शाळेतला पांढरा गोंदच बरा.

मग घासाई. पाण्यात भिजवून वापरायचा वॉटर पेपर, आधी चारशे नंबरचा, मग आठशे, शेवटी बाराशे. माझा दोस्त त्यात तरबेज झाला होता. एका संध्याकाळी मी चहा आणायला आत गेलो. परत आलो तर त्याने विमान उलटं धरलं होतं आणि कागद डाव्या पंखाकडे निघाला होता. मी ओरडलो, "थांब!" इतक्या जोरात की पोरगं दचकलं. म्हणाला, "आजोबा, इथे डाग आहे, दोन मिनिटांत गुळगुळीत करतो."

त्याला शेजारी बसवलं. म्हटलं, "तो डाग नाही. तो माझा भाऊ आहे."

भिंग दिलं. अंगठ्याच्या रेषा त्याने एकेक पाहिल्या. मग आपला अंगठा त्यावर ठेवला आणि म्हणाला, "माझ्याएवढाच आहे की!" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या मनातला दादा म्हातारा होऊन गेलेला होता, आणि हा अंगठा पंधरा वर्षांच्या मुलाचा होता.

त्या दिवशी त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. नवीन विमान मोबाईलवर मिळेल, याच्यापेक्षा चांगलं मिळेल. हा अंगठा मिळणार नाही.

म्हणून आम्ही पाचजणांनी बसून ठरवलं. ज्या चुकीमुळे विमान पडतं किंवा उकलतं, ती दुरुस्त करायची. नाक जड केलं, फट भरली. पण जी चूक म्हणजे नुसती हाताची खूण आहे, ती ठेवायची. अंडाकृती चिन्ह तसंच आहे. जुना रंग खरवडला नाही, जिथे गेला होता तिथेच लावला. पंखाखाली चंदेरी रंगाच्या पातळ थराखाली ठसा शाबूत आहे. उजेडात असं तिरकं धरलं की दिसतो. कार्यक्रम झाल्यावर जवळ येऊन बघा, फक्त हात पुसून या.

आता शेवटचं, आणि हे कार्यकारी मंडळासाठी. आपल्या इमारतीलाही पंचवीस वर्षं झाली. गच्ची गळते, ती नीट व्हायलाच हवी, त्यात भावना आणायच्या नाहीत. पार्किंगचा कोबाही उखडून नवा करायचं ठरतंय. पण त्या कोब्याच्या कोपऱ्यात, काम ओलं असताना चालत गेलेल्या मांजराची चार पावलं उमटलेली आहेत. आज मोठी होऊन पुण्यामुंबईला गेलेली आपली मुलं लहानपणी त्या पावलांवर पाय ठेवून लंगडी खेळलेली आहेत. तेवढा हातभर तुकडा ठेकेदाराला सोडायला सांगावा, एवढी माझी विनंती आहे. त्याने पाणी गळत नाही.

विमान उतरलं. दहा मिनिटांच्या वर दोनच झाली असतील.