भिंतीवरचे अक्षर आणि आशा

(बुद्ध पौर्णिमेनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय थोडा वेगळा आहे. चिनी आणि जपानी लोक घराच्या व विहाराच्या भिंतीवर आशेचे अक्षर लिहून लावतात. त्या अक्षरांविषयी आम्हाला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील सभासदांना याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ही अक्षरे आता आपल्याही घरांत येऊन पोहोचली आहेत. भेटवस्तूंच्या दुकानांत काळ्या शाईच्या चिनी-जपानी अक्षरांच्या तसबिरी मिळतात. "घरात लावा, भरभराट होईल, दोष जाईल," असे सांगून त्या विकल्या जातात. वास्तुशांतीला कोणी तरी त्या भेट देतो आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्या टांगल्या जातात. त्यावर काय लिहिले आहे, हे घरातील कोणालाही ठाऊक नसते. अर्थ ठाऊक नसलेले अक्षर भिंतीवर लागले की त्याचा ताईत होतो. आपण तर ताईत तोडून आलेली माणसे आहोत. म्हणून या अक्षरांचा अर्थ आपण जाणून घेतला पाहिजे.

प्रथम 'आशा' हाच शब्द घेऊ. चिनी भाषेत त्याला 'शीवांग' म्हणतात. जपानीत तीच दोन अक्षरे 'किबो' अशी वाचली जातात. त्यांतील दुसरे अक्षर लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या अतिप्राचीन रूपात एक उभा माणूस आणि त्याचा मोठा डोळा दाखविलेला असे. म्हणजे दूरवर पाहणारा माणूस. पुढे त्या अक्षरात चंद्राचे चिन्ह आले. याच अक्षराचा दुसरा अर्थ 'पूर्ण चंद्र' असा आहे आणि चांद्रमासाच्या पंधराव्या दिवसालाही हेच अक्षर वापरतात. आज पौर्णिमा आहे. आपण पौर्णिमेला विहारात जमतो, आणि तिकडे आशेच्या अक्षरात पौर्णिमेचा चंद्र आहे. हा योगायोग असला तरी मनाला आनंद देणारा आहे.

आता लिहिण्याच्या कलेचे नाव पाहू. चीनमध्ये सुलेखनाला 'शूफा' म्हणतात. त्यातील 'फा' म्हणजे नियम किंवा पद्धती. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी 'धम्म' या शब्दासाठी हेच 'फा' अक्षर निवडले. जपानमध्ये या कलेला 'शोदो' म्हणतात. त्यातील 'दो' म्हणजे मार्ग. आर्य अष्टांगिक मार्गाच्या जपानी नावात 'मार्ग' या अर्थी हेच अक्षर येते. मुंबईत वरळीला निप्पोनझान म्योहोजी पंथाचे जपानी बुद्ध मंदिर आहे. या पंथाचे भिक्खू हातात पंख्यासारखा ढोल घेऊन चालतात. त्यावर सात अक्षरे लिहिलेली असतात आणि त्यांतही धम्माचे हेच अक्षर असते. वरळीला गेलात तर ते जरूर विचारून पाहा.

या कलेचे साहित्य साधे आहे: कुंचला, काजळी व सरस यांपासून केलेली शाईची कांडी, ती पाण्यात उगाळण्याचा दगड आणि कागद. कागद शाई लगेच पितो, म्हणून एकदा ओढलेली रेघ खोडता येत नाही की गिरवता येत नाही. कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, याचाही क्रम ठरलेला आहे. एक अक्षर साधण्यासाठी माणूस शेकडो कागद लिहितो. भिंतीवर लागतो तो त्यांतील एक. त्याच्यामागे झालेला सराव आपल्याला दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, जपानमध्ये शाळेत तिसऱ्या इयत्तेपासून कुंचल्याने लिहायला शिकवितात. नव्या वर्षी २ जानेवारीला वर्षाचे पहिले लेखन करण्याची तेथे प्रथा आहे. मुले मोठ्या कागदावर आपला संकल्प किंवा एखादा शुभ शब्द लिहितात. त्यात 'आशा' हा शब्द पुष्कळ वेळा असतो. ते कागद शाळेच्या भिंतीवर लावतात. तो शब्द मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो, दुकानातून आणलेला नसतो.

आता महाराष्ट्राशी संबंध असलेले एक उदाहरण सांगतो. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू धम्मग्रंथांच्या शोधात भारतात आला. सुमारे इ.स. ६४१ मध्ये तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात होता. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले आहे ते अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात. वाटेत वाळवंटात पाणी संपले, तरी भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे, म्हणजे घराकडे, एक पाऊलही टाकायचे नाही असा त्याचा निश्चय होता. जपानमध्ये नारा येथे याकुशिजी नावाचे प्राचीन विहार आहे. तेथील पंथ ह्युएन त्संगला आपला आद्य गुरू मानतो. १९९१ मध्ये तेथे त्याचे स्मारक उभे राहिले. त्याच्या दर्शनी भागी फक्त दोन अक्षरांचा फलक आहे: 'फुतो', म्हणजे 'पूर्वेकडे नाही'. फलकावर आशा हा शब्द कोठेही नाही, तरी आशेचा याहून पक्का अर्थ आम्हाला दुसरीकडे आढळलेला नाही. मागे न फिरण्याचा निश्चय म्हणजे आशा.

त्या फलकाची अक्षरे याकुशिजीचे प्रमुख भिक्खू कोइन ताकादा यांनी लिहिली. त्यांचेच आणखी एक काम आपल्या संस्थेने ध्यानात घ्यावे असे आहे. याकुशिजीचे मुख्य मंदिर १५२८ मध्ये जळाले होते आणि चारशेहून अधिक वर्षे ते पूर्ववत झाले नव्हते. बांधायला पैसा नव्हता. ताकादा यांनी १९६८ मध्ये लोकांना आवाहन केले की प्रत्येकाने प्रज्ञापारमिता हृदय सूत्र कुंचल्याने स्वहस्ते लिहावे आणि त्या प्रतीबरोबर एक हजार येन द्यावेत. या सूत्राचे प्रचलित चिनी भाषांतर ह्युएन त्संगचेच मानले जाते आणि त्यात तीनशेहूनही कमी अक्षरे आहेत. दहा लाख प्रतींचा संकल्प होता आणि तो पुरा झाला. १९७६ मध्ये मंदिर पुन्हा उभे राहिले. एका धनवानाच्या देणगीऐवजी दहा लाख हातांच्या लिखाणातून ते उभे राहिले, हे महत्त्वाचे.

आशा म्हणजे दुःखावर पांघरूण घालणे नव्हे, हेही तेथील लोक जाणतात. १९९५ पासून क्योतोच्या कियोमिझु मंदिरात दर डिसेंबरात लोकांनी निवडलेले वर्षाचे अक्षर मोठ्या कागदावर सर्वांसमक्ष लिहितात. त्या वर्षी जानेवारीत कोबे शहराचा भूकंप झाला होता. तेव्हा पहिले अक्षर होते 'हादरा'. २०११ मध्ये भूकंप व त्सुनामी यांनी हजारो माणसे गेली, त्या वर्षीचे अक्षर होते 'नाते'. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य. ते मान्य करूनच पुढचा मार्ग सापडतो.

आता आपल्या भिंतींकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती पाटी येऊ दिली गेली नाही. त्यांच्याच नातवंडांनी वस्तीच्या आणि विहाराच्या भिंतीवर चुना-निळीने बाबासाहेबांचे विचार लिहिले. कित्येक मुलांनी पहिली अक्षरे त्या भिंतीवरच ओळखली. हे आपले सुलेखन आहे आणि ते कोणत्याही जपानी पटापेक्षा कमी नाही. परंतु आज आपण नवी घरे बांधतो आणि भिंतीवर न वाचता येणारे विकतचे भाग्य टांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. भिंतीवरच्या वस्तूने भाग्य उजळते, असे त्यांत कोठेही नाही. ती तसबीर फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. तिचा अर्थ शोधा, मुलांना सांगा, आणि तिच्याशेजारी आपल्या हाताने लिहिलेले एक देवनागरी अक्षर लावा, इतकेच म्हणणे आहे.

यासाठी आमची एक सूचना आहे. दर पौर्णिमेला विहारात मुलांनी कोरा कागद घेऊन आपला एक संकल्प सुवाच्य अक्षरांत लिहावा, खाली नाव व इयत्ता घालावी आणि तो भिंतीवर लावावा. आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागांतून, दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुलेही बरोबर जातात आणि शाळा सुटते. हा प्रश्न केवळ आपल्या समाजाचा नाही. आदिवासी बांधवांची मुले यात सर्वांत अधिक आहेत. त्यांनाही या भिंतीवर जागा असावी. ज्या मुलाचा कागद भिंतीवर आहे पण मूल दोन पौर्णिमा दिसले नाही, त्याच्या घरी सभासदांपैकी कोणी तरी जावे. तो कोठे आहे, वसतिगृहात सोय होईल काय, गुरुजींशी बोलणे झाले काय, हे पाहावे. मुलाने आपले काम लिहून केले. त्या लिहिण्याला जागणे हे आपले, वडीलधाऱ्यांचे काम आहे.

कोरे कागद आणि शाई आज येथे ठेवली आहे. सभा संपल्यावर विद्यार्थ्यांनी प्रथम पुढे यावे आणि सभासदांनी त्यांच्या नावांची वही करावी, अशी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम!