प्रेक्षकांचें म्हणणें

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत सकाळचे सात ते नऊ हे दोन तास कोणाचेच स्वतःचे नसतात. ते आगगाडीचे असतात, शाळेच्या बसचे असतात, नळाच्या पाण्याचे आणि डब्यांतील भाजीचे असतात. अशा घाईच्या वेळीं घराच्या एका भिंतीवर दूरचित्रवाणीचा पडदा बोलत असतो. पोळी लाटणाऱ्या गृहिणीची त्याच्याकडे पाठ असते. दाढी करणारा गृहस्थ त्याला आरशांत उलटा पाहतो. आजोबा तेवढे समोर खुर्ची टाकून बसलेले असतात. चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिनीवरील ही सकाळची चर्चा. चार चौकटींत चार वक्ते, मध्यें सूत्रसंचालक, आणि खालीं सरकत जाणारी अक्षरांची पट्टी. त्या पट्टीवर मधूनमधून एक निमंत्रण झळकतें: 'आपलें मत आम्हांला कळवा.'

या निमंत्रणाचें आपण काय करतों, आणि आपण कळविलेल्या मताचें पुढें काय होतें, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावा, असें मीं योजिलें आहे.

अखंड बातम्यांची ही प्रथा फार जुनी नाहीं. अमेरिकेंत १९८० सालीं सीएनएन ही वाहिनी सुरू झाली, तेव्हां चोवीस तास पुरतील इतक्या बातम्या आणावयाच्या कोठून, हा प्रश्न पुष्कळांना पडला होता. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें; त्यावर बातम्या ठराविक वेळीं येत आणि ठराविक वेळीं संपत. मराठींत अखंड बातम्यांचें युग २००७ सालीं अवतरलें. त्या वर्षीं 'झी चोवीस तास' व 'स्टार माझा' या वाहिन्या आल्या, पुढल्या वर्षीं 'आयबीएन लोकमत' आली. 'स्टार माझा'चें नांव २०१२ पासून 'एबीपी माझा' झालें. दिवसाचे तास चोवीस. पण घटना कांहीं तासाला एक याप्रमाणें घडत नाहींत. मग मधली पोकळी भरण्यास चर्चा आली, आणि चर्चेला आधार म्हणून प्रेक्षकांचें मत आलें.

हें मत बहुधा 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्याच शब्दांत मागितलें जातें, आणि थोड्याच वेळांत पडद्यावर टक्केवारी उमटते. हे टक्के कोणाचे? उत्तर देण्यास ज्याला सवड होती, मोबाईल हातांत होता आणि विषय आवडला वा झोंबला होता, त्याचे. सात अठ्ठावीसच्या गाडींत एका पायावर उभा असलेला मनुष्य त्यांत नसतो. म्हणून त्या टक्क्यांस 'जनतेचा कौल' म्हणणें हें, वऱ्हाडांतील आग्रहानें जेवणाऱ्या दहा पाहुण्यांवरून गांवाची भूक मोजण्यासारखें आहे.

ज्यांना सर्वांत अधिक सांगावयाचें असतें, तेच अशा वेळीं गप्प असतात, याचें एक उदाहरण उपनगरवासी कधीं विसरणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळांत कुलाब्याच्या वेधशाळेंत नोंद झाली ती सुमारें ७३ मिलिमीटरांची. शहर एकच, पण दक्षिणेकडे नुसता पाऊस आणि उत्तरेकडे प्रलय! मराठी वृत्तवाहिन्या तेव्हां निघावयाच्या होत्या. हिंदी व इंग्रजी वाहिन्या मात्र अखंड बोलत होत्या. परंतु ज्यांच्या घरांत पाणी शिरलें, त्यांच्या भागांतील वीज बंद होती आणि मोबाईलही मुके झाले होते. पुराची बातमी पाहत होते ते कोरड्या घरांतले लोक. त्या रात्रीं कोणीं प्रेक्षकांचें मत मागितलें असतें, तर तें बुडालेल्यांचें मिळालें नसतें; बुडालेल्यांकडे पाहणाऱ्यांचें मिळालें असतें.

आतां एक घरगुती हकीकत सांगतों. आमच्या मुलुंडांत एकाच रस्त्यावर एकाच देवाच्या नांवाच्या तीन इमारती आहेत. पोस्टमनलाही पहिलीं कांहीं वर्षें त्यांनीं चकविलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका सकाळीं अशाच एका चर्चेंत ठेवीदारांच्या फसवणुकीचें प्रकरण निघालें, आणि आरोपीचें राहतें घर म्हणून पडद्यावर जें फाटक दाखविलें गेलें, तें आमचें होतें. फाटकाशीं आमचे पहारेकरी नेहमीप्रमाणें चहा पीत उभे होते. दुर्दैव असें कीं आमच्या इमारतींत आरोपीच्याच आडनांवाचें एक कुटुंब राहत होतें. नातें कांहीं नव्हतें. आडनांव तेवढें एक. त्या घरची मुलगी त्या वर्षीं बारावीच्या परीक्षेस बसली होती. आठ वाजून दहा मिनिटांनीं तें चित्र दिसलें, आणि नवाच्या आंत त्या घरची घंटा पांच-सहा वेळां वाजली. कोणी चौकशीला आले. कोणी नुसतें दार कोण उघडतें तें पाहण्यास आले.

आम्ही सारे खवळलों. जो तो मोबाईल घेऊन बसला. मीं स्वतः त्या वाहिनीच्या क्रमांकावर तीन संदेश पाठविले. पहिल्यांत नुसता संताप होता. दुसऱ्यांत पत्रकारितेच्या अधःपाताविषयीं विवेचन होतें. तिसऱ्यांत काय होतें तें आतां सांगण्यासारखें नाहीं. आणि या तिन्हींपैकीं एकांतही आमच्या इमारतीचा पत्ता नव्हता! इतरांचे संदेशही याच धाटणीचे. साडेनवाच्या सुमारास सूत्रसंचालकानें हंसतमुखानें सांगितलें, "आजच्या विषयावर प्रेक्षकांचा प्रचंड प्रतिसाद येत आहे, म्हणून ही चर्चा आपण पुढें चालू ठेवीत आहोंत." आणि आमचें फाटक पुन्हां पडद्यावर आलें.

श्रोतेहो, माझा राग त्या वाहिनीला लागला नाहीं. तो तिच्या उपयोगी पडला. कारण प्रेक्षकांची संख्या मोजणाऱ्या यंत्राला राग आणि अनुराग यांतील भेद कळत नाहीं. आपल्याकडे ही मोजणी ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल ही संस्था करीत आली आहे. देशांतील कोट्यवधि घरांपैकीं कांहीं हजार निवडक घरांत यंत्रें बसवावयाचीं, कोणती वाहिनी किती वेळ लागली होती हें टिपावयाचें, आणि त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधावयाचा, ही ती पद्धति. ती निर्दोष राहते असेंही नाहीं. ऑक्टोबर २०२० मध्यें मुंबई पोलिसांनीं या आंकड्यांत फेरफार झाल्याच्या आरोपावरून तपास सुरू केला, आणि वृत्तवाहिन्यांचे आंकडे प्रसिद्ध होणें मार्च २०२२ पर्यंत थांबलें. पण आंकडे अगदीं चोख असले तरी मूळ अडचण राहतेच. दांतओठ खाऊन पाहणारा हाही पाहणाराच! 'पहा, पहा, काय निर्लज्जपणा चालला आहे' असें म्हणून आपण शेजाऱ्याला हांक मारतों, तेव्हां एका प्रेक्षकाचे दोन करीत असतों.

मग आमच्या इमारतीचें पुढें काय झालें? आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारा रस्ता त्यांना 'बाई' म्हणतो. बाईंनीं त्या दिवशीं एकही संदेश पाठविला नाहीं. त्यांनीं कागद घेतला आणि पत्र लिहिलें. तारीख अमुक, वेळ सकाळीं आठ वाजून दहा मिनिटें व पुन्हां साडेनऊ. सूत्रसंचालकाचें वाक्य हें. दाखविलेलें फाटक आमच्या इमारतीचें. आरोपीचा पत्ता दुसऱ्या इमारतीचा. पुरावा म्हणून आमच्या इमारतीच्या मालमत्ताकराच्या पावतीची प्रत सोबत. मागणी दोन: तें चित्र पुन्हां दाखवूं नये, आणि चूक सुधारल्याचें सांगावें. खालीं सही, नांव, पत्ता. विशेषण एकही नाहीं. मी म्हणालों, "बाई, पत्र फार मवाळ झालें." त्या म्हणाल्या, "अहो, चूक त्यांची आहे. मीं कशाला ओरडावें?"

तें पत्र ईमेलनें गेलें व नोंदणी टपालानेंही गेलें. चित्र बंद झालें. चौथ्या दिवशीं दुपारीं साडेतीन वाजतां खालच्या पट्टीवरून दिलगिरीची एक ओळ सरकून गेली. आम्हांला वाटलें, जिंकलों. बाईंनीं दुसरें पत्र लिहिलें: 'चूक सकाळीं आठला झाली आणि दुरुस्ती दुपारीं साडेतीनला. आमचे शेजारी दुपारीं घरीं नसतात. जेवढ्यांनीं चूक पाहिली, तेवढ्यांनीं दुरुस्ती पाहावी, एवढीच विनंति.' पुढल्या आठवड्यांत त्याच सकाळच्या चर्चेच्या आरंभीं सूत्रसंचालकानें दोन वाक्यांत खुलासा वाचून दाखविला. त्या कुटुंबाला मात्र त्या दिवसापासून, दार उघडण्यापूर्वीं भिंगांतून पाहण्याची जी संवय लागली, ती अद्याप गेलेली नाहीं.

ही झाली एका इमारतीची गोष्ट. याच उपनगरांच्या परिसरांत, वांद्र्यास, १४ जून २०२० रोजीं एका तरुण चित्रपट-अभिनेत्याचा मृत्यु झाला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे कांहीं वाहिन्यांनीं तपास, खटला आणि निकाल हीं तिन्ही कामें स्वतःच उरकण्याचा चंग बांधला. तेंही लक्षावधि लोकांनीं पाहिलें. कोणी हळहळले, कोणी चवीनें पाहत राहिले. पण कांहीं नागरिक, व त्यांच्याबरोबर महाराष्ट्र पोलीस दलांतील कांहीं निवृत्त वरिष्ठ अधिकारी, यांनीं मुंबई उच्च न्यायालयाकडे धांव घेतली. १८ जानेवारी २०२१ रोजीं त्या न्यायालयानें निकाल दिला कीं, चालू तपासाच्या वेळीं वाहिन्यांवर चालणारा असा खटला न्यायदानाच्या कामांत अडथळा आणतो आणि तो केबल कायद्याखालील कार्यक्रम-संहितेच्याही विरुद्ध आहे. मृत व्यक्तीच्या चारित्र्याची चिरफाड करूं नये, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांची साक्ष आधींच वदवून घेऊं नये, असे दंडकही न्यायालयानें सांगितले. ही देखील प्रेक्षकांची प्रतिक्रियाच होती. फक्त ती तीन मिनिटांत टंकून पाठविलेली नव्हती.

सर्वांनाच न्यायालयाची पायरी चढतां येणार नाहीं, हें खरें. परंतु १७ जून २०२१ रोजीं केंद्र सरकारनें केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती करून सामान्य प्रेक्षकासाठीं एक वाट आंखून दिली. तक्रार प्रथम वाहिनीकडेच करावयाची. वाहिनीनें चोवीस तासांत पोंच द्यावी आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवावा. समाधान न झाल्यास पुढल्या पंधरा दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करतां येतें, आणि तिच्यावर सरकारची देखरेख असते. सरकारच्या हातांत वाहिन्यांच्या नाड्या किती असाव्या, याविषयीं मतभेद आहेत व ते असावेत. पण पहिली पायरी आपल्या हातांतील आहे, आणि तिला लागतो तो एक कागद व एक शांत तास.

पत्र लिहिणारा श्रोता हा कांहीं आपल्याकडे नवीन प्राणी नाहीं. बोरिवलीच्या गोराई रस्त्यावरील विविध भारतीच्या पत्त्यावर दूरदूरच्या खेड्यांतून पत्रें येत आलीं आहेत, आणि 'पत्रावली' या कार्यक्रमांत तीं वाचून त्यांना उत्तरें दिलीं गेलीं आहेत. पोस्टकार्डावर जागा थोडी असते. म्हणून कोणता कार्यक्रम, कोणत्या दिवशीं, आणि त्यांत काय आवडलें वा खटकलें, एवढेंच लिहिणें भाग पडतें. पत्राखालीं नांव असतें व गांव असतें. नांवगांव आलें कीं माणूस आपोआप जपून बोलतो, आणि जपून बोललेलें ऐकणाऱ्यालाही टाळतां येत नाहीं.

तेव्हां उद्यां सकाळीं पट्टीवर तें निमंत्रण पुन्हां झळकेल, त्या वेळीं एक करून पाहावें. जें खोटें वाटलें, त्याची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत टिपून ठेवावी. आपण जें प्रत्यक्ष पाहिलें असेल तेवढेंच लिहावें. आमच्या गल्लींत पाणी गुडघाभर आहे कीं मुळींच नाहीं, हें स्टुडिओंतल्या चार पंडितांपेक्षां आपण अधिक जाणतों. एखादी चर्चा खरोखर चांगली झाली, तर तेंही दोन ओळींत कळवावें. कारण चांगलें काम करणाऱ्या सूत्रसंचालकाकडे बहुधा कोणाचेंच पत्र जात नाहीं. आणि नुसताच राग आला असेल, तर पडदा बंद करावा. तेवढ्या वेळांत डबा भरून होतो.

आमच्या बाईंचीं तीं दोन पत्रें इमारतीच्या कार्यालयांत, पावत्यांच्या फाईलींत लावलेलीं आहेत. नव्यानें राहावयास येणाऱ्यांना आमचे चिटणीस पाण्याच्या वेळा सांगतात, गाडी लावण्याची जागा दाखवितात, आणि मग तीं पत्रें वाचावयास देतात.