भरतीला जा, पण हिशेब करून
(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या इनामगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीचा विषय उसाचा भाव असा ठरला होता. पण काल संध्याकाळी आम्ही इथे मुक्कामाला आलो, तेव्हापासून जो भेटला त्याने उसाचे काही विचारले नाही, भरतीचे विचारले. एका बापाने तर बाजूला घेऊन विचारले, "साहेब, पोरगं बारावी झालंय. सीमा सुरक्षा दलाचा फॉर्म भरतोय. एक जण म्हणतो, काम करून देतो. एकरभर विकून टाकावं का?"

या प्रश्नावर आम्हाला रात्री झोप लागली नाही. म्हणून आज आधी भरतीचे बोलू. शेवटी उसावर येऊच, कारण हे दोन विषय वेगळे नाहीत.

तुमच्या गावाचे नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे घोड नदीच्या काठी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे सापडली, धान्याचे कोठार सापडले, पाण्याचा पाट सापडला, वस्तीभोवतीची तटबंदी आणि खंदक सापडला. म्हणजे शेती आली तिथे राखणही आली. आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ही वस्ती उठली. डॉ. म. के. ढवळीकरांचा निष्कर्ष असा, की पाऊसमान घटले, शेती भागेना, आणि माणसे शेळ्यामेंढ्यांमागे फिरू लागली. शेती भागेनाशी झाली की माणूस उठतो. त्या वेळी तो मेंढरांमागे गेला, आज तो भरतीच्या मैदानावर जातो. उठण्यात पाप नाही. पण हिशेब करून उठला की हाकलला गेला, एवढाच प्रश्न आहे.

ही नोकरी काय आहे

दौंड जवळ असल्यामुळे आपल्या पोरांना खाकी वर्दीची ओळख लहानपणापासून असते. राज्य राखीव पोलीस बलाचे गट तिथे आहेत. पण सीमेवरचे दल वेगळे. १९६५ पर्यंत पाकिस्तानची सीमा ज्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळत. त्या वर्षी एप्रिलमध्ये कच्छमध्ये हल्ला झाला आणि ही व्यवस्था अपुरी असल्याचे दिसले. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभे राहिले. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्माने आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे.

आज पाकिस्तान आणि बांगलादेशची सीमा हे दल पाहते. चीनची सीमा इंडो-तिबेट सीमा पोलीस, नेपाळ व भूतानची सशस्त्र सीमा बल, म्यानमारची आसाम रायफल्स. या सगळ्यांच्या शिपाई पदाची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या एकाच परीक्षेतून होते. त्याच परीक्षेतून औद्योगिक सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दलही भरले जाते. फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. नेट कॅफेवाल्याला "तुम्हीच भरा" असे सांगून चहाला जाऊ नका. पोराचे पुढचे आयुष्य राजस्थानच्या वाळवंटात जाणार की विमानतळाच्या दारात, त्याचा बराचसा निकाल त्या रकान्यात लागतो.

आणि हे सैन्य नव्हे, हे नीट समजून घ्या. हे गृहखात्याचे पोलीस दल आहे. रात्रीचा नाका, कुंपणाकडेची गस्त, धुके, डास, तस्कर. माणूस किंवा माल पकडायचा, कागद करायचे आणि मुद्देमालासह स्थानिक पोलिसांच्या किंवा कस्टमच्या हवाली करायचे, हे रोजचे काम. बंदुकीइतकेच कायद्याचे काम आहे. निवृत्तिवेतनातही फरक आहे. १ जानेवारी २००४ नंतर या दलांत लागलेल्यांना जुने पेन्शन मिळत नाही, त्यांचे खटले कोर्टात गेले. गावात कोणी "मिलिटरीसारखीच पेन्शन" म्हणाला तर मान डोलावू नका.

पगाराचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता आणि इतर भत्ते वेगळे. नुसते मूळ वेतन धरले तरी वर्षाचे २,६०,४०० झाले. आता शेजारी ऊस ठेवून पाहा. एकरी ४० टन आणि टनाला ३,००० रुपये धरू. १ लाख २० हजार आले, त्यातून बेणे, खत, पाणी, मजुरी जायची. आडसाली असेल तर हे पैसे दीड वर्षाने. पोरगा भरतीला का पळतो, हे कळायला शेतकी पदवी लागत नाही.

आधी माती परीक्षण

आम्ही शेतीखात्याच्या भाषेत बोलतो, सवय आहे. माती न तपासता फळबाग लावू नये, तसे शरीर न तपासता अकादमीची फी भरू नये.

वय १८ ते २३. इतर मागासवर्गाला ३ वर्षे, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे सवलत. शिक्षण दहावी पास. उंची मुलांना १७० सेंटिमीटर, मुलींना १५७. मुलांची छाती ८० आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मराठा उमेदवारांना उंचीत सवलत आहे, मुलांना १६५ आणि मुलींना १५५, पण त्यासाठी ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. तो मैदानावर गेल्यावर आठवून उपयोग नाही.

धाव मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, मुलींना १६०० मीटर साडेआठ मिनिटांत. हे जमते, सहा महिने नेमाने पळाले तर जमतेच. जे जमवता येत नाही ते आधी पाहा. चष्म्याशिवाय एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. रंग नीट ओळखता यावे लागतात. तळपाय सपाट नको, उभे राहिल्यावर गुडघ्याला गुडघा लागायला नको. हे सरकारी दवाखान्यात आधी तपासून घ्या. दोन वर्षे पळून, फी भरून, लेखी पास होऊन शेवटी डोळ्यांवर बाद झालेली पोरे आम्ही पाहिली आहेत. त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. राज्य पोलिसांच्या भरतीत मैदानाला गुण असतात. इथे तसे नाही. इथे मैदान फक्त पास व्हायचे, गुणवत्ता यादी लागते ती संगणकावरच्या परीक्षेवर. ८० प्रश्न, १६० गुण, ६० मिनिटे. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, गणित आणि भाषा, प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. म्हणजे जो पोरगा पहाटे दहा किलोमीटर पळतो आणि दिवसभर पारावर बसतो, तो मैदानावर पहिला येऊनही यादीत नसतो. शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग हे सातवी-आठवीचे गणित आहे. ते पक्के करा.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ही परीक्षा पहिल्यांदा हिंदी-इंग्रजीखेरीज १३ भाषांतून झाली, त्यात मराठी आहे. इतकी वर्षे आपले पोर प्रश्नाचा अर्थ लावण्यातच वेळ घालवत होते. आता ती सबब संपली.

आणि मायबहिणींनो, मुलींचा फॉर्म भरा. त्यांना फी नाही. "पोरगी सीमेवर?" असे विचारणाऱ्याला सांगा, ज्या सीमेवर बायका शेतावर जातात तिथे त्यांची झडती घ्यायला बाईच लागते.

दाखल्यांचे गणित

ही केंद्राची भरती आहे, हे दाखले काढताना विसरू नका. राज्याचा एसईबीसी दाखला इथे चालत नाही. इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे हवा. जागा राज्यवार वाटलेल्या असतात, म्हणून महाराष्ट्राचा रहिवासी दाखला हवा. माजी अग्निवीरांसाठी काही जागा राखीव आहेत. किती, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचून मगच आपल्या जागा मोजा.

आणि आता आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचे ऐका. केंद्राने २०१९ मध्ये नियम केला. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. आणि शेतजमीन ५ एकर किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला नाही. जिरायत का बागायत, नियम विचारत नाही. पाच एकर माळरान कसून टँकरचे पाणी पिणारा श्रीमंत ठरला, आणि वर्षाला सात लाख पगार घेणारा गरीब ठरला. सातबाऱ्यावरचा आकडा म्हणजे संपत्ती, असे दिल्लीत बसलेल्याला वाटते. त्याने त्या आकड्यातून कधी पीक काढून पाहिलेले नाही.

दलालाचे पीक

आता त्या एकरभराचे. या भरतीत मुलाखतच नाही. परीक्षा संगणकावर, मोजमाप मैदानावर, तपासणी डॉक्टरांची. मग दलाल काय करतो? तो दहा जणांकडून पैसे घेतो. दहातले दोन-तीन आपल्या हिमतीने लागतात. त्यांचे पैसे त्याचे झाले. उरलेल्यांना तो "या वेळी वरून जमलं नाही" म्हणून थोडे परत करतो, तेही फेऱ्या मारायला लावून. बियाणे तुमचे, राबणूक तुमची, पाऊस देवाचा, आणि पीक दलालाचे. बाजार समितीत हा प्रकार आपण ओळखतो, मग भरतीत का फसतो?

काल विचारणाऱ्या बापाला आमचे उत्तर हे आहे. एक गुंठाही विकायचा नाही. फॉर्मची फी १०० रुपये आहे. पुस्तकांना आणि बुटांना दोन-तीन हजार लागतील. त्यापुढे जो मागेल तो चोर समजा. आणि वय २३ ला संपते, म्हणून पोराने शिक्षण सोडून भरतीचा नाद करू नये. आंतरपीक ठेवा. आयटीआय, पदवी, काही तरी चालू राहिले पाहिजे.

सीमेवर कोण कोणाला अडवतो

पोरगा लागला असे धरू. लातूर जिल्ह्यात चाकूरला या दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे किंवा आणखी कुठे तयार झाला आणि पंजाबात गेला. तिथे काटेरी कुंपण सीमारेषेच्या अलीकडे आहे आणि कित्येक शेतकऱ्यांची जमीन कुंपणापलीकडे राहिली आहे. ठरलेल्या वेळी फाटक उघडते. शेतकरी ओळखपत्र दाखवतो, झडती देतो, मग आपल्याच रानात जातो. उंच वाढणारे पीक घेऊ देत नाहीत, नजर अडते म्हणून. आपल्यासारखा ऊस तिथे लावायचा नाही. त्या फाटकावर उभा असतो शेतकऱ्याचाच पोरगा. आमचे एवढेच सांगणे आहे, की त्याने फाटक वेळेवर उघडावे. वाफसा निघून गेला म्हणजे काय होते हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

तिथून पूर्वेला बांगलादेशच्या सीमेवर चला. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली आणि कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. शेवटचे शुल्क गेले १ एप्रिल २०२५ ला. साखरेचे तसेच. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आले, आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीला परवानगीच नव्हती. त्याच काळात मेघालयाच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाने बांगलादेशात चाललेली साखर पुन्हा पुन्हा पकडली.

जरा डोळ्यांसमोर आणा. साखर इकडे स्वस्त आणि तिकडे महाग. हा फरक देवाने केलेला नाही, सरकारने केला. त्या फरकावर तस्कर जगतो. तस्कराला पकडायला रात्रभर चिखलात उभा राहतो तुमचा पोरगा. आणि पोत्यातली साखर कदाचित तुमच्याच उसाची. बापाच्या मालाचा भाव पाडायचा, भाव पाडला म्हणून पोराला भरतीला लावायचे, आणि बापाचाच माल सरळ वाटेने जाऊ द्यायचा नाही म्हणून पोराने पहारा द्यायचा! पोराने आपले काम केलेच पाहिजे, कायदा आहे तोवर त्याची अंमलबजावणी त्याचे कर्तव्य आहे. आम्ही त्याला कामचुकारपणा शिकवायला आलो नाही. कायदा बदलायचे काम त्याचे नाही, ते आपले, इथे बसलेल्यांचे. सरळ व्यापार खुला झाला तर साखरेच्या पोत्यामागे धावणारा पोरगा हत्यारे आणि अमली पदार्थ आणणाऱ्याच्या मागे लागेल. देशाची राखण जास्त चांगली होईल.

आजचे ठराव

म्हणून आज तीन गोष्टी ठरवू या. एक, प्रत्येक गावात एका जाणत्या कार्यकर्त्याने भरतीची जाहिरात पूर्ण वाचून पोरांना फुकट समजावून सांगायची, आणि दाखल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. दोन, दलालाला पैसे देणार नाही आणि त्यासाठी जमीन विकणार नाही, हे प्रत्येक घराने ठरवायचे. तीन, पाच एकरांची अट काढा आणि शेतमालाची निर्यातबंदी कायमची बंद करा, हा ठराव तहसीलदारांमार्फत दिल्लीला पाठवायचा.

पोरांनो, ज्यांना वर्दीची हौस आहे त्यांनी जरूर जा. मान वर करून जा. पण इनामगावच्या पोराने सीमेवर जायचे ते त्याला जायचे आहे म्हणून. घरचा ऊस परवडत नाही म्हणून नव्हे. घरची शेती परवडत असताना जो सीमेवर जातो, त्याच्या पहाऱ्याला वेगळीच किंमत असते. ती शेती परवडायला लावणे हे आमचे-तुमचे काम. आता उसाच्या भावाकडे वळू.